सासऱ्यांच्या फोनमधली माझी साखर

मी सहावीत असताना माझ्या स्वादुपिंडाने काम थांबवलं. तेव्हा आम्ही मुलुंडला राहायचो. शेजारच्या काकूंनी लगेच निदान केलं की पोरगी गोळ्या-चॉकलेटं फार खाते. मी फार खात नव्हते. माझा डायबिटीस लहानपणी होतो तो, टाइप वन. त्यात शरीर इन्सुलिन बनवणंच सोडून देतं आणि मग ते आयुष्यभर बाहेरून घ्यावं लागतं. रोजच्या सुया, आणि साखर मोजायला बोटं टोचायची ती वेगळी.

लग्न ठरताना माझ्या बाबांनी हे सगळं मुलाकडच्यांना आधीच सांगून टाकलं. सगळ्यांनी पोह्यांच्या बश्या खाली ठेवल्या. माझे होणारे सासरे तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका पतपेढीत शिपाई म्हणून लागले. मूळचे मालवणकडचे, सगळं आयुष्य मुंबईत काढलं तरी बोलणं तिकडचंच राहिलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे आमच्या गिरणीसारख्या झाला. संप झालो, आणि मगे भोंगो परत वाजलोच नाय."

"हो, तसंच," बाबा म्हणाले.

"मगे तेका चेडू काय करतला?" चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. एवढं म्हणून त्यांनी पोह्यांची बशी परत उचलली. माझ्या आजाराचं इतकं सोपं वर्णन मला एकाही डॉक्टरने ऐकवलं नव्हतं. मी तेव्हाच मनात होकार दिला. मुलाकडे नंतर नीट बघितलं.

आम्ही दिंडोशीच्या एका वसाहतीत राहतो. सासूबाई गेल्या, त्यानंतर घरात आम्ही तिघंच. नवरा विमानतळावर कार्गोत, शिफ्ट ड्युटीवर. मी मालाडच्या एका कॉलेजात अकाउंट्स शिकवते. सासरे रिटायर होऊन घरी. मध्यंतरी त्यांनाही डायबिटीस निघाला, पण तो उतारवयातला, गोळ्यांवर भागणारा. त्यांच्या मते तो डायबिटीस नव्हताच. "माझी साखर वरवरची आसा," ते म्हणायचे. "तुझी खरी."

मग मला पंप लागला. हा पंप म्हणजे आगपेटीहून थोडी मोठी डबी, कमरेला अडकवायची. तिच्यातून एक बारीक नळी पोटावर जाते आणि त्वचेखाली इन्सुलिन सोडते. दंडावर एक सेन्सर चिकटवलेला असतो. तो दर काही मिनिटांनी साखर बघतो आणि डबीला कळवतो. साखर वर जायला लागली की डबी आपण होऊन थोडं जास्त इन्सुलिन देते, खाली यायला लागली की हात आखडता घेते, फारच घसरली तर बंद करते. फक्त जेवायच्या आधी काय आणि किती खाणार ते आपण तिला सांगायचं.

हे सगळं शिकवायला कंपनीतर्फे एक तरुण मुलगी घरी आली होती. सासरे खुर्ची ओढून समोरच बसले. वहीबिही नव्हती त्यांच्याकडे, पण चेहरा परीक्षकाचा होता.

"म्हणजे ताटात काय आसा, ता तेका दिसणा नाय?" त्यांनी विचारलं.

"नाही आजोबा. ते मॅडमनी सांगायचं."

"मगे हुशार कसला? हुशार आमची म्हातारी होती. ताट नाय, तोंड बघान सांगायची, कोणी काय खाल्लान ता."

ती मुलगी हसली आणि म्हणाली की हे आकडे घरातल्या आणखी कोणाच्या तरी फोनवरही दिसायची सोय आहे. साखर फार खाली गेली आणि मी उत्तर दिलं नाही, तर त्या माणसाला कळेल. नवऱ्याला कामावर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. आम्ही दोघांनी एकदमच सासऱ्यांकडे बघितलं. त्यांनी फोन पुढे केला.

पहिले काही दिवस ते नुसतेच बघायचे. मग फोन करायला लागले.

"गो, एकशे साठ आसा. काय खाल्लंस?"

"इडली, बाबा."

"किती?"

"बाबा, मी वर्गात आहे."

"बरा. बाण वर आसा पण. सांगान ठेवतंय."

पडद्यावर आकड्याशेजारी एक बाण असतो, साखर कुठल्या दिशेला चालली आहे ते दाखवणारा. सासऱ्यांना आकड्यापेक्षा बाणाचं कौतुक जास्त. संध्याकाळी वसाहतीच्या बागेत रिटायर मंडळींचा एक बाक आहे, तिथे ते हा फोन घेऊन बसत. आधी तिथे क्रिकेटचा स्कोअर चालायचा, आता माझा चालायला लागला. हे मला कळायला वेळ लागला. एकदा लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या बाई मला म्हणाल्या, "काल संध्याकाळी जरा वर गेली होती ना तुमची? आता कसं आहे?" मला वाटलं त्या पाण्याच्या मोटरबद्दल विचारतायत. पण मग एका शनिवारी भाजीवाल्याने मी निवडलेली रताळी टोपलीत परत टाकली.

"ताई, आज नको. आजोबा बोलले, सकाळपासून दोनशेच्या खाली येत नाही."

मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "अख्ख्या कॉलनीला माझी साखर माहितीय यार. माझं वय लपवून काय उपयोग आहे आता?"

"जाऊ दे ना," तो म्हणाला. "आधी दिवसभर टीव्हीशी भांडायचे. आता काम मिळालंय त्यांना."

पलंगावर आडवा होऊन हे म्हणायला त्याला काय जातंय. त्याची साखर कुठे चारचौघांत चालली होती.

त्यानंतर परीक्षा आली. आमच्या कॉलेजात परीक्षेच्या काळात मुलांचे मोबाइल आणि स्मार्ट घड्याळं बाहेर ठेवायची असतात, आणि सुपरवायझर म्हणून उभ्या राहणाऱ्या शिक्षकांनीही आपले फोन स्टाफरूममध्ये ठेवायचे असतात. पंपाचं मी प्रिन्सिपॉल बाईंना आधीच सांगितलं होतं. त्यांची हरकत नव्हती. पंपाचं काम फोनशिवाय व्यवस्थित चालतं. फक्त फोन दूर असला की आकडे पुढे सासऱ्यांपर्यंत पोचत नाहीत. सकाळी निघताना मी त्यांना म्हटलं होतं की आज पेपर आहे, फोन बंद राहील. ते तेव्हा सुरमई साफ करत होते. त्यांनी मान हलवली, पण ती माशाकडे बघून हलवली असणार.

पेपर सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. मी पहिल्या बाकावरच्या मुलाचं घड्याळ नुकतंच जप्त केलं होतं आणि वर त्याला दोन शब्द सुनावले होते. तेवढ्यात माझ्या कमरेला बारीक आवाज झाला. सगळ्या वर्गाने माना वर केल्या.

"मॅडम, तुमचं वाजतंय," तो मुलगा म्हणाला. अगदी नम्रपणे.

मी डबी बघितली. साखर थोडी उतरत होती, पंपाने इन्सुलिन आधीच थांबवलं होतं, आकडा चांगला होता. मी दोन बिस्किटं खाल्ली. परीक्षेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर बिस्किट खाताना तोंडाचा आवाज किती मोठा वाटतो, हे त्या दिवशी कळलं. मग मी पुन्हा फेऱ्या मारायला लागले. साखर स्थिर झाली. सगळं झकास चाललं होतं.

आणि मग दारात आमचा शिपाई आला. धापा टाकत. त्याने आत डोकावून, दबक्या पण शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात विचारलं, "मॅडम, तुम्ही बेशुद्ध आहात काय?"

"नाही," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार. "पेपर चालू आहे."

"खाली तुमचे सासरे आलेत. ते बोलतायत तुम्ही बेशुद्ध आहात."

झालं होतं असं. माझा फोन मी स्टाफरूममध्ये ठेवला तेव्हा सासऱ्यांच्या पडद्यावर शेवटचा आकडा आला तो नव्वद, आणि बाण खाली. त्यानंतर काहीच नाही. नुसत्या रेघा. त्यांनी मला फोन केला, स्टाफरूमच्या कपाटातला फोन कोण उचलणार. त्यांनी पुन्हा केला. मग त्यांनी लुंगीवर शर्ट चढवला, साखरेचा डबा घेतला, लिंबू सरबताची बाटली भरली आणि रिक्षा पकडून थेट कॉलेज गाठलं. गेटवर वॉचमनने अडवलं तेव्हा, "माझी सून आत पडली आसा," एवढंच सांगितलं. ते त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की वॉचमनची खात्रीच पटली. तो धावत ऑफिसात गेला, ऑफिसातून प्रिन्सिपॉल बाईंच्या केबिनमध्ये निरोप गेला, आणि फर्स्ट एडची पेटी शोधायला तिघं जण तीन दिशांना गेले.

माझ्या जागी दुसऱ्या मॅडमना उभं करून मी खाली गेले. सासरे प्रिन्सिपॉल बाईंच्या केबिनमध्ये बसले होते. शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली, मांडीवर साखरेचा डबा, हातात कपबशी. बाईंनी त्यांना शांत व्हावं म्हणून चहा दिला होता, साखर घातलेला, आणि ते तो पितही होते. मला बघून त्यांनी कप ठेवला. आधी माझ्या दंडाकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"शुद्धीत आसस?"

"हो बाबा. तुम्हाला दिसतेय ना उभी?"

"मगे फोन कित्याक मेलो तुझो?"

"सकाळी सांगितलं होतं मी. पेपर आहे, फोन बंद राहील."

"माका वाटला, पेपरवाल्याचा काय तरी सांगतंस."

प्रिन्सिपॉल बाई खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. सासऱ्यांनी बाटलीचं झाकण उघडून ती माझ्या हातात दिली. "पी."

"बाबा, माझी साखर ठीक आहे."

"एवढ्या लांबसून आणलंय. पी."

त्यांना घरी पाठवायचा तोच एक मार्ग दिसत होता. मी सगळं सरबत प्यायले. त्यात त्यांनी साखर हात न आखडता घातली होती. मी हॉलमध्ये परत गेले आणि थोड्याच वेळात डबी पुन्हा वाजायला लागली, या वेळी साखर फार चढली म्हणून. ती पेपर संपेपर्यंत अधूनमधून वाजतच राहिली. पुढे कितीतरी दिवस कॉरिडॉरमध्ये मुलं मला गुड मॉर्निंग म्हणायच्या आधी क्षणभर निरखून बघायची.

त्या संध्याकाळी मी सासऱ्यांच्या फोनमधून माझे आकडे काढून टाकले. भांडण झालं नाही. त्यांनी विचारलंही नाही. पण सकाळी चहाबरोबर ते ॲप उघडायचे आणि कोऱ्या पडद्याकडे बघत बसायचे, बंद पडलेल्या घड्याळाकडे बघावं तसं. बाकावरच्या मंडळींना त्यांनी सांगितलं की मशीन सर्व्हिसिंगला दिलंय. टीव्हीशी भांडण पुन्हा सुरू झालं. नवरा मला म्हणाला, "दे ना परत. बघवत नाही." मी दिलं नाही. मला कॉलेजात तोंड दाखवायचं होतं.

मग एकदा त्यांच्या तपासणीला मी बरोबर गेले. त्यांची सकाळची उपाशीपोटीची साखर नेहमी सुंदर यायची, पण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टेस्ट दर वेळी वाईट. डॉक्टर बाई म्हणाल्या, दिवसात मधे कुठेतरी काहीतरी घडतंय, आपण काही दिवस यांनाही सेन्सर लावू. माझ्यासारखाच, पण नुसता बघणारा, पंप नाही. त्यांच्या दंडावर तो चिकटवून झाल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. "आकडे तुमच्या फोनवर घ्या. आजोबांना जमणार नाही."

आजोबांना सगळं जमत होतं. पण त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. मला झालेला आनंद मी लपवायचा प्रयत्न केला. तो फारसा यशस्वी झाला नसावा.

सापडायला वेळ लागला नाही. रोज संध्याकाळच्या चहानंतर त्यांची रेघ एकदम वर उसळी घ्यायची. मी स्टाफरूममधून फोन लावला.

"बाबा, बाण वर आहे. काय खाल्लंत?"

"काय नाय. भजन म्हणतंय."

"भजनाने साखर चढत नाही."

"चढता. टाळ वाजवचे लागतत."

एकदा शेवटचं लेक्चर रद्द झालं आणि मी संध्याकाळच्या चहाच्या वेळेलाच घरी आले. घरात कोणी नव्हतं. बाकावर विचारलं, तर मंडळींनी इकडेतिकडे बघितलं आणि शेवटी एकाने समोरच्या बिल्डिंगच्या तळमजल्याकडे हनुवटी केली. तिथल्या एक ताई घरी करंज्या, लाडू, पुरणपोळ्या करून ऑर्डरी पुरवतात. दार उघडंच होतं. आत तळणीचा वास, ओट्यावर परात, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत आमचे सासरे, मांडीवर ताटली. ताटलीत करंजीचे तुकडे, लाडवाचा चतकोर. डोळे मिटून ते चावत होते. चावणं संपलं, डोळे उघडले.

"वेलची कमी," ते म्हणाले. मग त्यांना मी दिसले.

"या ना," ताई मला म्हणाल्या. "आजोबांनी हो म्हटल्याशिवाय माझा एकही घाणा बाहेर जात नाही. तोंडावर सांगतात हो. बाकी सगळे नुसतं छान छान करतात."

त्यांच्या आजाराबद्दल त्या ताईंना काहीच माहीत नव्हतं. माझी साखर सगळ्या कॉलनीला सांगणाऱ्या माणसाने स्वतःची तळमजल्यालाही कळू दिली नव्हती.

आमच्या बिल्डिंगकडे चालताना तेच म्हणाले, "गिरणीत माका कोणी कधी विचारला नाय, कापड कसा झाला म्हणान. ह्या बाई विचारतत."

रात्रीच्या जेवणाआधी मी नवऱ्यालाही बसवलं, आणि फोनवर त्यांचा आठवडाभराचा आलेख उघडून सासऱ्यांसमोर ठेवला. हे बघा, रोज संध्याकाळी कसा डोंगर येतो. मी वर्गात शिकवते तसं बोट ठेवून समजावलं. त्यांनी चष्मा लावला, फोन हातात घेतला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. बराच वेळ डावीकडे-उजवीकडे सरकवत राहिले.

"हो बारको डोंगर माझो," ते म्हणाले. "करंजीचो. कबूल." मग बोट डावीकडे सरकलं. "आणि हो दुपारचो? हेच्या दुप्पट आसा. हो कोणाचो?"

मी बघितलं. तो रोज होता. संध्याकाळच्या डोंगराच्या नादात मी त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. दुपारी ते काय जेवतात ते मला ठाऊक होतं, कारण सकाळी झाकून मीच ठेवून जाते. माशाची आमटी आणि भाताचा ढीग.

"हो डोंगर तुझो," सासरे म्हणाले.

नवरा हसायला लागला. सासरेही हसले, पण अर्ध्यावर थांबले. आपण काय जिंकलो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. "म्हणजे," ते हळू आवाजात म्हणाले, "भात?"

साखर, गूळ, लाडू यांच्यावर त्यांचा आधीपासून संशय होता. भातावर कधीच नव्हता. भात हा आमच्या घरात संशयाच्या पलीकडे होता. ती बातमी त्यांना एखाद्या सख्ख्या भावाबद्दल कोणी काही सांगावं तशी लागली.

पण माणूस खचला नाही. आपला आलेख त्यांनी स्वतःच्या फोनवरही घ्यायला लावला, आणि सेन्सर दंडावर असेपर्यंत भाताची चौकशीच लावली. एक दिवस नुसता भात, एक दिवस भात कमी आणि मासे जास्त, एक दिवस नाचणीची भाकरी, एक दिवस जेवून लगेच वसाहतीला फेऱ्या. मी घरी आले की निकाल सांगायचे. जेवल्यावर चाललं तर डोंगर अर्धा होतो. भाकरीचा डोंगर होतो, पण बेतानं. आणि पेज, जी आम्ही आजारी माणसाला हलकं म्हणून देतो, "ती म्हणजे दिवसाढवळ्या दरोडो." हे सगळं मलाही थोडंफार माहीत होतं, पण माझ्या भाताचा हिशोब पंप सांभाळत होता. त्यांच्या भाताकडे बघायला कोणी नव्हतं.

माझे आकडे मी त्यांच्या फोनवर परत घातले. अट एकच घातली: साखर फार खाली गेल्याचा अलार्म वाजला तरच फोन करायचा, आणि पडद्यावर रेघा दिसल्या तर आधी कॉलेजच्या ऑफिसात विचारायचं, रिक्षा नंतर. त्यांनी मान्य केलं आणि स्वतःची अट घातली: भात कमी होणार असेल तर मासळी वाढली पाहिजे. तेव्हापासून रविवारी नवरा मासळी आणायला खारदांड्याला जातो. तळमजल्यावरचं काम त्यांनी सोडलं नाही. ताईंना मी सगळं सांगितल्यावर त्या आता त्यांना बोटाच्या पेराएवढा तुकडा देतात. ते म्हणतात, चव कळूक तेवढो पुरे, बाकीचो पोटासाठी असता.

पुढच्या तपासणीला त्यांची सरासरी बरीच खाली आली होती. डॉक्टर बाई खूश झाल्या. सासरे खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "मगे आता माका पंप कधी लावतलास?"

"आजोबा, तुम्हाला पंपाची गरजच नाही. गोळ्यांवर छान चाललंय तुमचं."

"हिका दिलास तो."

"त्यांचं वेगळं आहे. त्यांच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. तुमच्यात होतं."

त्यांनी मान हलवली, पण चेहरा पडला. रिक्षात बसल्यावर मला वाटलं, समजूत काढावी. तेवढ्यात तेच म्हणाले, "माझ्यासारखो पेशंट तेंका गावचो नाय."

"नाही मिळणार," मी म्हटलं, आणि ते मी मनापासून म्हटलं.

मग त्यांनी पुढे वाकून रिक्षावाल्याला विचारलं, दुपारी जेवणात भात असतो का. तो म्हणाला, नाही काका, आपण चपातीवाले.

"चपातीचो पण डोंगर येता," सासरे म्हणाले, आणि खिशातून फोन काढला.